चाकोरीची रुंदी

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक जुना दगडी खांब आहे. आमची डॉज बाहेर काढायची तर त्या खांबापाशी एकदा पुढे, एकदा मागे आणि पुन्हा पुढे घ्यावी लागते. शेजारच्यांची छोटी मोटार तिथून एका दमात वळते. बाबा गाडी चालवायचे तेव्हा मी खाली उतरून खांब आणि मडगार्ड यांच्यामधली फट बघत उभी राहायची. फट चार बोटांवर आली की हाताचा पंजा दाखवायची. वाट कशी निवडावी याचा पहिला धडा मी तिथे शिकले, रानात जाण्याच्या कितीतरी वर्षं आधी.

चामराजपेट १८९२ साली आखली गेली. म्हैसूरचे महाराज चामराजेंद्र वडियार यांचं नाव तिला मिळालं. एकमेकांना समांतर असे पाच सरळ मेन रोड आणि त्यांना छेदणारे क्रॉस, असा साधा आराखडा. टांगे आणि बैलगाड्या डोळ्यापुढे ठेवून केलेले ते रस्ते आजही लांब गाडीला मानवतात. अडचण होते ती आतल्या गल्ल्यांत. आमच्या घरात मराठी, दारात कन्नड आणि गॅरेजात दखनी, अशा तीन भाषांत ही गाडी वाढली. बाबांचा लाकडाचा धंदा होता आणि म्हैसूर रोडच्या टिंबर यार्डात त्यांची रोजची ये-जा असायची. डिस्पोजलमधली ही डॉज पॉवर वॅगन त्यांनी ओंडके ओढायला घेतली. १९५३ची गाडी. धंदा बंद झाला, यार्डातले मित्र एकेक करून गेले, गाडी मात्र त्यांनी विकली नाही. आता ती माझ्याकडे आहे.

पॉवर वॅगन १९४६ साली बाजारात आली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकी सैन्यासाठी डॉजने जे पाऊण टनी ट्रक बांधले होते, त्यांच्याच हाडामासाचा हा नागरी अवतार. पुढच्या आणि मागच्या चाकांत १२६ इंच अंतर, म्हणजे साडेदहा फूट. मागे आठ फुटी हौदा. रुंदी साडेसहा फुटांच्या वर. सहा सिलिंडरचं ३.८ लिटरचं पेट्रोल इंजिन, पण ताकद शंभर अश्वशक्तीच्याही आतली. पुढे १०,००० पौंड ओढण्याच्या क्षमतेची विंच. हे आकडे मी इथे देते आहे, कारण वाट निवडताना मला रोज त्यांच्याशीच बोलावं लागतं. आजची थार घ्या, तिच्या चाकांमधलं अंतर जेमतेम आठ फूट. जुन्या विलिस जीपचं तर ८० इंच. त्यांच्यासाठी जी गंमतीची वाट असते, तीच आमच्या डॉजसाठी सापळा ठरू शकते.

हे मला एकदा चांगलंच कळलं. काही वर्षांपूर्वी मी आठ-दहा जीपवाल्यांच्या मागे रामनगरच्या बाजूला गेले होते. वाट एका कोरड्या ओढ्यातून वर चढत होती. दोन्ही बाजूंना पुरुषभर उंचीचे काठ, मध्ये घरंगळलेले दगड, आणि दर वीस-पंचवीस पावलांवर एक वळण. पुढच्या जीपा सापासारख्या सरकत गेल्या. तिसऱ्या वळणावर माझं पुढचं चाक काठावर चढलं, मागचं खड्ड्यात राहिलं आणि पोट मधल्या उंचवट्यावर टेकलं. चार चाकांपैकी दोन हवेत. विंचने गाडी सुटली, पण वळवायला जागा नव्हती. तिथून अर्धा किलोमीटर मी गाडी रिव्हर्समध्ये उतरवली. माझा भाचा मागे चालत एकेका दगडाची खूण सांगत होता. दोन तास लागले. गाडीला खरचटलं तेवढंच, पण बाबांच्या गाडीला मी न विचारता कुठेतरी ओढत नेलं, ही टोचणी मला पुष्कळ दिवस होती.

परत आल्यावर गॅरेजातल्या मेस्त्रीचाचांनी गाडीखाली पाठ टेकली, ट्रान्सफर केसखालचा पत्रा चाचपला आणि बाहेर येऊन म्हणाले, “बेटी, गाडी बडी है तो रस्ता बी बडा होना. जीपवालों के पीछे नक्को जाओ.” दखनीतला हा ‘नक्को’ आपल्याच ‘नको’चा भाऊ. बंगळुरात वाढलेल्या मराठी कानाला तो घरचा वाटतो, आणि घरच्या माणसाने सांगितल्यासारखा मी तो ऐकला.

त्यानंतर आम्ही गाडी नीट मोजली. एका रिकाम्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फेरा मारला आणि चुना टाकून तो आखला. व्यास पन्नास फुटांहून जास्त भरला. मग दोन फळ्यांचा त्रिकोणी उंचवटा करून त्यावरून गाडी हळूहळू नेली आणि पोट कुठे टेकतं ते पाहिलं. चाकांमधलं अंतर जितकं जास्त, तितका लहान उंचवटाही पोटाला लागतो. मागच्या हौद्याच्या टोकापासून जमिनीपर्यंत दोरी धरून, खोल खड्ड्यातून वर येताना शेपूट कुठे घासेल तेही बघितलं. शेवटी साडेसात फुटांचा एक वेळू कापून आणला. गाडीची रुंदी अधिक दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक, अशी ती काठी. आजही नवी वाट पाहायला जाताना ती माझ्यासोबत असते. मी एका टोकाला, भाचा दुसऱ्या टोकाला, काठी आडवी धरून चालायचं. जिथे काठी अडते तिथे गाडी अडते.

हौशी मंडळी रानवाटांच्या या छंदाला ‘चाकोरीबाहेर जाणं’ म्हणतात. चाकोरी म्हणजे गाडीच्या चाकांनी पडलेली घळ. माझ्या डॉजला चाकोरीबाहेर जायचं नसतं, तिला खरीखुरी चाकोरी हवी असते. कधीकाळी बैलगाड्यांनी रुळलेली, हळूहळू चढणारी, वळणाला ऐसपैस जागा ठेवणारी. बैलांच्या जोडीला तीव्र चढ झेपत नाही, म्हणून जुन्या गाडीवाटा टेकडीला वळसा घालून जातात. सत्तर वर्षांच्या इंजिनालाही नेमकं तेच हवं असतं.

अशा वाटा शोधायची कर्नाटकात एक चांगली सोय आहे. महसूल खात्याच्या गावनकाशांवर बंडी दारी आणि कालुदारी वेगवेगळ्या खुणांनी दाखवलेल्या असतात. बंडी म्हणजे बैलगाडी, कालु म्हणजे पाय. महाराष्ट्रातल्या पाणंदीसारखंच, बंडी दारीवर सगळ्या गावाचा वहिवाटीचा हक्क असतो. राज्य सरकारच्या ‘दिशांक’ या ॲपवर उभ्या जागी सर्व्हे नंबर दिसतो. ती जमीन गोमाळ, म्हणजे गावचं गायरान, आहे की कुणाची खासगी की वनखात्याची, हे तिथून कळतं. वनखात्याची असेल तर मी तो विषय तिथेच संपवते. बन्नेरघट्टा आणि कावेरी अभयारण्याच्या कडेने जाणाऱ्या कितीतरी मोहक रेषा नकाशावर दिसतात. त्या माझ्यासाठी नाहीत. हेसरघट्ट्याचं गवताळ रानही नाही. तिथे चंडोलासारखे पक्षी उघड्या जमिनीवर अंडी घालतात, आणि तीन टनांच्या आसपासची गाडी हाकणाऱ्याला ती सीटवरून दिसणं शक्य नाही.

मातीचाही विचार करावा लागतो. दावणगेरेकडे चन्नगिरी तालुक्यात होदिगेरेला शहाजीराजांची समाधी आहे. १६६४च्या जानेवारीत शिकारीला गेले असताना घोड्यावरून पडून तिथे त्यांचा अंत झाला. तिथवर कच्च्या वाटांनी जायची माझी फार जुनी इच्छा. पण उत्तरेकडे जाऊ तशी काळी माती लागू लागते, आणि अवकाळी एक सर आली तरी ती अशा वजनाच्या गाडीला गुडघाभर गिळते. सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर जांभा पावसात साबणासारखा होतो. गोव्यात भर पावसाळ्यात रेनफॉरेस्ट चॅलेंज होते, तिथली चिखलातली झुंज मी कौतुकाने बघते, पण तो मुलूख हलक्या, आखूड आणि नव्या काळजाच्या गाड्यांचा. माझ्या गाडीची जमीन बंगळुराच्या पूर्वेला आहे: कोलार, मालूर, श्रीनिवासपूर. तांबडी, वाळूमिश्रित, पाणी पटकन निचरणारी माती आणि मधूनमधून ग्रॅनाइटसारख्या खडकाचे सपाट बंडे. हा कोलारही शहाजीराजांच्या जहागिरीतला. १६३८ साली आदिलशाही सरदार रणदुल्लाखानाबरोबर त्यांनी बंगळूर घेतलं, आणि पुढे बंगळूर, होसकोटे, कोलार, दोड्डबळ्ळापूर, शिरा हा टापू त्यांच्याकडे आला. मी माझी समजूत घालते की समाधीपाशी नाही, तर निदान त्यांच्या परगण्यात तरी गाडी फिरते आहे.

कोलारच्या वाटा वाचायला मला एक चूक उपयोगी पडली. सुरुवातीला मी ट्रॅक्टरच्या खुणा शोधायची. ट्रॅक्टर आणि ट्रेलर जातो म्हणजे आपण जाऊच, असा माझा हिशेब. एका आंबराईत तो चुकला. ट्रॅक्टर आणि ट्रेलर मधल्या सांध्यात वाकतात, आमचा ट्रक एकसंध लाकडासारखा. ज्या कोपऱ्यावर ट्रेलर सुखाने वळतो तिथे आमचं मागचं चाक बांध कापतं. मग मी निलगिरी तोडून नेणाऱ्या लॉऱ्यांच्या खुणा बघायला लागले. लॉरीही आमच्यासारखीच सलग, उलट अधिक लांब. मागच्या जोडचाकांचे दोन-दोन पट्टे मातीत उमटलेले दिसले की निर्धास्त व्हायचं: इथून आपल्यापेक्षा मोठं कुणीतरी भरल्या वजनाने गेलं आहे. २०१७ साली कर्नाटक सरकारने नव्या निलगिरी लागवडीवर बंदी घातली. भूजलाच्या दृष्टीने ती योग्यच होती. जुनी बनं उपटली जात आहेत, तशा त्या लॉऱ्यांच्या वाटाही गवतात बुजत आहेत.

आणखी तीन नियम या गाडीनेच शिकवले. चारही चाकांना ड्रम ब्रेक आहेत, आणि पाण्यातून बाहेर आल्यावर ते काही वेळ धरतच नाहीत. त्यामुळे ज्या वाटेवर ओढा ओलांडल्याबरोबर उतार आहे, ती वाट आम्ही उलट्या दिशेने घेतो, आधी चढ आणि मग पाणी. दुसरं, दिवे सहा व्होल्टचे. त्यांचा उजेड कंदिलाएवढा. सूर्य मावळायच्या आत डांबरी रस्त्याला लागता येईल एवढीच वाट निवडायची. आणि एकट्या गाडीने कधीच जायचं नाही. विंच कितीही जोरकस असली तरी तिला बांधायला झाड किंवा दुसरी गाडी लागतेच.

गेल्या मे महिन्यात भाचा आणि मी बसने कोलारच्या पुढे जाऊन अशी एक वाट पायी पाहून आलो. गावाचं नाव लिहीत नाही, कारण त्या गोमाळावर मेंढ्या चरतात आणि तिथे गाड्यांची जत्रा भरावी असं मला वाटत नाही. वाट सात किलोमीटरची. नाचणीच्या शेतांमधून, खडकाच्या एका रुंद बंड्यावरून, मग एका कोरड्या तळ्याच्या पात्रातून पलीकडच्या बांधावर. तळ्याचा तळ तडकलेला, त्यात बाभळी माजलेल्या. वेळू कुठेच अडला नाही. मी वहीत लिहिलं: फेब्रुवारीत, नाचणी काढून झाल्यावर.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी पहाटे साडेचारला खांबापाशी पुढे-मागे करून आम्ही निघालो. मागे मित्राची जीप. कन्नड साहित्य परिषदेच्या इमारतीसमोरून जाताना रस्ता रिकामा होता, के. आर. मार्केटपाशी मात्र फुलांचे टेम्पो उतरत होते आणि शेवंतीचा वास केबिनमध्ये शिरला. जुन्या मद्रास रोडला लागलो तेव्हा उजाडायला आलं होतं. पन्नासच्या वर ही गाडी नेत नाही. गिअरला सिंक्रो नाही, प्रत्येक वेळी क्लच दोनदा दाबायचा. होसकोट्याचं तळं मागे पडलं आणि थोड्याच अंतरावर इंजिन ढेपाळलं. इंजिन तापल्यावर पंपातल्या पेट्रोलची वाफ होते आणि पुरवठा तुटतो. ओलं फडकं पंपाला गुंडाळून पंधरा मिनिटं थांबलो. हल्ली पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं, ते जुन्या रबराला खातं. पंपाचं डायफ्राम आणि नळ्या मेस्त्रीचाचांनी जे. सी. रोडवर हिंडून नव्या जातीच्या रबराच्या मिळवल्या, म्हणून गाडी चालते तरी आहे.

लोक विचारतात, एवढी जुनी गाडी तर व्हिंटेज म्हणून का नोंदवत नाही? २०२१च्या केंद्रीय नियमांनी पन्नास वर्षांवरच्या गाड्यांना ‘व्हीए’ ही वेगळी मालिका दिली, पण अशी गाडी प्रदर्शन, रॅली, दुरुस्ती किंवा इंधन भरण्यासारख्या कारणांपुरतीच रस्त्यावर आणता येते. मी जुन्याच नोंदणीची मुदत दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवून घेते. गाडीने मातीत चालावं, हे मला प्रदर्शनापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

डांबर सुटलं. टायरांतली हवा कमी केली, पुढची चाकं जोडली, लो रेंज टाकली. गिअरांचा एकसुरी हुंकार सुरू झाला, तो ऐकला की मला बाबा शेजारी बसल्यासारखे वाटतात. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने जाते, ॲक्सिलरेटरवर पाय नसला तरी. शेतांत नाचणीची धसकटं होती. चाकोरी आमच्या चाकांपेक्षा थोडी अरुंद, म्हणून डावं चाक घळीत आणि उजवं काठावर, अशी किंचित कललेली गाडी चालली. खडकाच्या बंड्यावर भाचा पुढे उतरून चालू लागला. “मावशी, सरळ. अजून सरळ. उजवीकडे उतार आहे, चाक नको जाऊ देऊ.” सपाट दिसणारा तो खडक कडेला नकळत कलतो. गाडी उंच आहे, तिचा तोल जायला फार कलावं लागत नाही.

बंडा उतरून चिंचांच्या रांगेपाशी आलो आणि मी ब्रेक दाबला. पुढे तळं होतं. मेमध्ये ज्या तडकलेल्या तळातून आम्ही चालत गेलो होतो, तिथे पाणी चमकत होतं आणि बाभळींचे शेंडे तेवढे वर दिसत होते. चिंचेखाली एक म्हातारे मेंढपाळ बसले होते. “नीरु इदे अम्मा, होगबेडी,” ते म्हणाले. पाणी आहे, जाऊ नका.

खाली उतरून मी त्यांच्याशेजारी बसले. अज्जांनी सांगितलं, वरच्या गावचं तळं भरलं, त्याच्या कोडीवरून, म्हणजे सांडव्यावरून, पाणी इकडे आलं. हे बंगळुराचं पाणी. शहराचं सांडपाणी शुद्ध करून कोरमंगला-चल्लघट्टा खोऱ्यातून पाइपांनी कोलारला आणायची योजना २०१८ साली सुरू झाली. कोलारला बारमाही नदी नाही. इथली तळी पूर्वीपासून साखळीने बांधलेली, एक भरलं की दुसऱ्यात, दुसरं भरलं की तिसऱ्यात. त्या जुन्या साखळीतूनच हे नवं पाणी उतरतं. “विहिरीला पाणी चढलं,” अज्जा म्हणाले, “पण पिण्यासारखं नाही.” जनावरं पितात, नाचणीनंतर भाजी होते. त्यांच्या बोलण्यात समाधानही होतं आणि काळजीही. मला तर हे सगळं नवं होतं. नकाशा मी दहादा बघितला होता, नऊ महिन्यांत तळं भरेल हे मात्र मनात आलं नव्हतं. पाहणी ज्या ऋतूत करायची त्याच ऋतूत गाडी आणायची, असं त्या दिवशी मी वहीत ठळक लिहिलं.

आता प्रश्न माघारीचा. चिंचा आणि बांध यांच्यामध्ये जागा तीस फूट, गाडीला लागतात पन्नास. बांधावरून जाता आलं असतं, रुंदी होती, पण तळ्याचा मातीचा बांध शेकडो शेतांचं पाणी धरून असतो, आणि भरल्या तळ्याच्या ओलसर बांधावर एवढं वजन घालायला माझं मन तयार होईना. मागे तीनशे पावलं रिव्हर्स घ्यायची तयारी मी केली. तेवढ्यात अज्जा उठले. गाडीभोवती एक फेरी मारून त्यांनी मागची चाकं पाहिली, हौदा पाहिला, आणि कन्नडमध्ये विचारलं, निलगिरीची लॉरी याहून मोठी असते ना? म्हणजे वाट आहे. गोमाळाच्या वरच्या अंगाने, जुन्या बनाच्या कडेने, लॉरी यायची ती.

वाट गवतात बुजलेली होती. भाचा आणि मी वेळू आडवा धरून चालत गेलो. दोन ठिकाणी काठी अडली, दोन्ही वेळा घाणेरीच्या झुडपांत, आणि अज्जांनी कोयत्याने ती छाटली. पुढे एक जुनं खोड आडवं पडलं होतं. ते विंचने बाजूला ओढलं. बाबांनी ज्या कामासाठी ही गाडी घेतली होती ते काम तिने कित्येक वर्षांनी केलं, आणि तार ताठ होताना सबंध सांगाडा जो कण्हला, तो ओंडका ओढतानाचा आवाज मी लहानपणानंतर पहिल्यांदा ऐकला. भाच्याने तर तो कधीच ऐकला नव्हता. तो खोडाकडे न बघता गाडीकडेच बघत उभा होता.

निघताना अज्जांनी एक कोकरू उचलून आणलं. पायाला काटा मोडून ते लंगडत होतं आणि गाव अडीच किलोमीटर होतं. हौद्यात गोणपाट टाकला, कोकरू ठेवलं, आणि अज्जा स्वतः केबिनच्या पाठीला धरून मागे उभे राहिले. पुढची वाट त्यांनाच ठाऊक होती. ठरलं असं की छपरावर एक थाप म्हणजे डावीकडे, दोन थापा म्हणजे उजवीकडे. मी पहिला गिअर टाकला. गवत बोनेटच्या उंचीचं, पुढे काहीच दिसत नव्हतं. उघड्या खिडकीतून ऊन, तुटलेल्या घाणेरीचा वास आणि मागून कोकराचा आवाज येत होता. सात-आठ गाडीलांब पुढे गेल्यावर छपरावर दोन थापा पडल्या. मी स्टिअरिंग दोन्ही हातांनी धरून उजवीकडे वळवलं.